फळ्यावरची सोशीक बाई

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

गावसकर गेले. आमच्याच सात नंबर बिल्डिंगमधले, गच्चीच्या किल्लीवाले. वय ७१. सकाळी सहाला पेडणेकर दारात. हा मंडळाचा सेक्रेटरी. कुणी मेलं की याच्या अंगात चैतन्य येतं. हातात चिठ्ठी. "लीलाबाई, जरा सुंदर अक्षरात हं." चौदा वर्षं हेच वाक्य. मी म्युनिसिपालटीच्या शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून विक्रोळीच्या या अख्ख्या वसाहतीतली मढी माझ्या गळ्यात.

दूधकेंद्राच्या कोपऱ्यावरचा फळा पुसला. खडू साखरेच्या पाण्यात भिजवलेले असतातच, म्हणजे अक्षर पांढरंशुभ्र उठतं आणि दोन दिवस टिकतं. लिहिलं: दुःखद निधन. कै. गावसकर. मनमिळाऊ, सुस्वभावी, परोपकारी. अंत्ययात्रा ११ वा.

परोपकारी! वीस वर्षं किल्ली करगोट्याला बांधून फिरला हा माणूस. पापड वाळत घालायचे तर बायकांनी याच्या दारात जाऊन "काका, जरा" म्हणायचं, मग हा पेपर पूर्ण वाचणार, मग उठणार. आता किल्ली कोणाकडे राहणार यावरून प्रेत खाली उतरायच्या आत दोन मजल्यांची जुंपली. मी स्वतः ऐकलं.

फळ्यावर लिहिता येत नाही ते आजपासून इथे लिहायचं. नाहीतर डोकं फुटेल माझं.

६ फेब्रु., गुरुवार

'ज्येष्ठ रंगकर्मी' बाबा मयेकर. हे ज्येष्ठ म्हणजे सार्वजनिक गणपतीत बावीस वर्षं एकाच नाटकात एकच म्हातारा. आधी दाढी लावून, मग स्वतःच्या दाढीत. एकदा गोरेगावच्या स्टुडिओत बोलावणं आलं होतं. काम काय, तर तिरडीवरचं प्रेत. त्यातही म्हणे शिंकला. हे सगळं तो स्वतःच रंगवून सांगायचा, तेवढंच त्याचं बरं.

पेडणेकरची चिठ्ठी: 'रंगभूमीची कधीही भरून न निघणारी हानी'. मी म्हटलं, अहो फळा केवढा, हानी केवढी. हसला नाही. मयताच्या बाबतीत त्याला विनोद चालत नाही.

नलू म्हणाली, "ताई, मेलेल्या माणसाबद्दल कशाला गं असं." नलू म्हणजे माझी धाकटी बहीण. एकोणचाळीस. आईचं दुखणं काढता काढता लग्नाचं राहिलं, आई गेल्यावर माझ्याकडे आली. मशीनवर बसून वसाहतीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते आणि सगळ्यांबद्दल चांगलं बोलते. म्हटलं, जिवंतपणी बोललं की भांडण होतं, मेल्यावर बोललं की पाप लागतं, मग बोलायचं कधी?

११ फेब्रु.

यांना जाऊन आज सहा वर्षं. यांचा फळाही मीच लिहिला होता. दुसरं कोण लिहिणार, चांगलं अक्षर माझंच. बांगड्या काढलेल्या हातांनी लिहिलं, मनमिळाऊ. होतेच मनमिळाऊ. नाक्यावर, पत्त्यांच्या अड्ड्यावर, कंपनीच्या कँटीनमध्ये. घरात आले की मनही नाही आणि मिळणंही नाही. वाईट नव्हते. कपाटासारखे होते, जागा अडवायचे.

नलूने त्यांच्या आवडीचे घावने केले. माझ्यापेक्षा तिलाच आठवण जास्त. मी चार खाल्ले.

१६ फेब्रु., रविवार

पेडणेकरने घातलाच घोळ. जाधव कंडक्टर गेले, अकरा नंबरमधले. चिठ्ठीवर 'कै.' म्हणून लिहून दिलं, मी झोपेत होते, तसंच उतरवलं. आठ वाजता त्यांचा मुलगा आला. नम्र मुलगा, कॉलेजात शिकवतो. म्हणाला, "मॅडम, आम्ही बौद्ध. वडील कैलासात कशाला जातील? कालकथित लिहाल का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचवीस वर्षं शेजारी राहून मला सुचू नये? लगेच जाऊन पुसलं, लिहिलं.

पेडणेकर म्हणतो, "एवढं काय त्यात, भावना महत्त्वाची." भावना! याच्याकडे विशेषणांची यादी आहे पाठ केलेली. पुरुष गेला तर मनमिळाऊ. बाई गेली तर सोशीक. पोर गेलं तर कोवळी कळी. याच्यापलीकडे याच्या भावनेची मजल नाही. जाधवांनी मला पावसाळ्यात कितीदा स्टॉप सोडून आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलंय. ते 'मनमिळाऊ'त कुठे बसवू?

२४ फेब्रु., सोमवार

सुनंदा तावडे गेली. अध्यक्षांची बायको. सेहेचाळीस. कावीळ, आठ दिवस हॉस्पिटलात. सकाळी आणलं.

तावडे म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, बँकेत अधिकारी, इस्त्रीचा सदरा, बोलणं मऊ. मूलबाळ नाही. दोघं जोडीने सगळीकडे. सत्यनारायणाला तीच जोडी, झेंडावंदनाला तीच जोडी. सुनंदा त्यांच्या मागे दोन पावलं. मला ती नेहमी मिळमिळीतच वाटली. हळदीकुंकवाला बोलवायची, वाण द्यायची, तोंडातून शब्द नाही.

बायकांना न्हाणवायला आमच्याकडे येसूवहिनी परब. चाळीस वर्षं तिचंच काम, पैसे घेत नाही, शिव्या देते. तिच्या उजव्या हाताला प्लास्टर. मला म्हणाली, "मास्तरणी, तुया पाणी ओत. हय सगळ्यो नुसत्यो रडूक इल्यो."

मी कधी केलं नव्हतं. गेले. दोन बायकांनी बाहेरून लुगडं धरलं, आत आम्ही दोघी आणि पाटावर ती.

दंडावर आतल्या बाजूला गोल डाग. ओळीने. पाच की सहा. जुने, पांढुरके, मध्ये एक अजून लालसर. सिगरेट टेकवल्याचे. काखेच्या खाली एक त्रिकोणी, तो इस्त्रीचा, मला विचारावं लागलं नाही. डाव्या हाताची करंगळी वाकडीच जुळलेली. मी तांब्या धरून उभी. येसूवहिनी म्हणाली, "ओत गो." ओतलं.

बाहेर आलो. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, ओटी, वेणी. बायका रांगेने पाया पडत होत्या. सवाष्ण गेली, भाग्याची. परुळेकरीण तर मला म्हणाली, असं मरण यायला पुण्य लागतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्याकडे बघून तिला वाटलं मला रडू येतंय. तिने माझा हात दाबला.

तावडे भिंतीला टेकून, रुमाल डोळ्याला.

आणि पेडणेकरची चिठ्ठी. सोशीक, पतिपरायण. खाली 'आमच्या वसाहतीतील आदर्श दांपत्य काळाने विलग केले'.

लिहिलं. सुंदर अक्षरात. आदर्शमधला रफार जरा जास्तच झोकदार आला.

२५ फेब्रु.

जेवण गेलं नाही. नलू म्हणते पित्त झालं असेल.

कोणाला सांगू? सांगून काय? ती गेली. त्याला लाज आणून ती परत येणारेय का? असं स्वतःला सांगतेय कालपासून. मी काय पोलीस आहे? वर्गात मुलांना मात्र म्हणते, जे दिसतं तेच काढा.

२ मार्च, रविवार

शोकसभा. मंडळाच्या हॉलमध्ये. नगरसेवक येणार म्हणून पंखे पुसलेले. पेडणेकरने मला शोकप्रस्ताव मोठ्या कार्डशीटवर काळ्या शाईने लिहायला लावला, कडेला वेलबुट्टी. आठ तास गेले.

भाषणं सात. सुनंदाबद्दल एकालाही काही माहीत नाही. एक म्हणाला चहा उत्तम करायच्या. दुसरा म्हणाला कधी कोणाला दुखवलं नाही. तिसऱ्याने स्वतःच्या बायकोचं कौतुक केलं. नगरसेवक तिचं नाव विसरले, 'वहिनी' म्हणून वेळ मारून नेली. मग सगळे तावडेंबद्दलच बोलले. कसं सांभाळलं तिला. मूल नसूनही दुसरं लग्न केलं नाही. देवमाणूस.

मी प्रस्ताव वाचून दाखवला. माझा आवाज चांगला लागला म्हणे. तावडे उठले, दोन्ही हातांनी ते कार्ड घेतलं, कपाळाला लावलं. त्यांची बोटं पिवळी, दोन. मला आधी कधी दिसली नव्हती.

घरी आल्यावर नलू म्हणाली, "किती प्रेम होतं गं त्यांचं." मी पंखा लावला आणि आडवी झाले.

२३ मार्च

या महिन्यात चार गेले. एक रिटायर्ड फौजदार, ज्याने फुकट भाजी खाल्ली. एक भजनी बुवा, त्याचं तोंड सुनेला शिव्या देताना जास्त चालायचं. एक नानी, तिचं खरंच वाईट वाटलं, तिला कोणी नव्हतं, भावाचा मुलगा नाहूरहून आला आणि आधी कपाट उघडलं. एक पिंटू, दारूने, एकोणतीस. सगळे मनमिळाऊ. नानी सोशीक.

आता मी चिठ्ठी वाचतसुद्धा नाही. हात आपोआप चालतो.

१३ एप्रिल, रविवार

दूधकेंद्रावर तावडे भेटले. रांग सोडून माझ्याजवळ आले. "लीलाताई, तुमच्या त्या दोन ओळींनी मला उभं केलं. त्या कार्डाची फ्रेम केलीय मी. हॉलमध्ये लावलीय." मग इकडचं तिकडचं. मग नलूची चौकशी. शिवणकाम बरं चाललंय का. डोळे फार वापरतात ना त्या. एकट्या बसून असतात.

एकट्या? मी काय मेलेय?

दूध न घेताच मी परत आले.

२० एप्रिल, रविवार

पेडणेकर तावडेंचा मध्यस्थ म्हणून. सदरा घालून, पेढे घेऊन. दोन महिने झाले नाहीत. "वर्षाच्या आत केलेलं बरं असतं, शास्त्र आहे." कुठल्या शास्त्रात, दाखव मला. "माणूस कसा आहे ते तुम्हीच तर लिहिलंय, लीलाबाई. आम्ही वेगळं काय सांगणार?"

मी म्हटलं, नको. सरळ. आतून मशीनचा आवाज थांबला.

नलू बाहेर आली. कपाळावर धाग्याचा तुकडा चिकटलेला. म्हणाली, "ताई, मला विचारलं नाहीस."

मला विचारलं नाहीस! एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा असलं वाक्य तिच्या तोंडून. पेडणेकर खुर्चीत सरसावून बसला, त्याला तर नाटकाचं तिकीट मिळालं. नलू त्याला म्हणाली, मी विचार करून कळवते. पेढेही ठेवून घेतले तिने.

२२ एप्रिल

नलू दोन दिवस गुणगुणतेय. मी हिला गाताना ऐकलं नव्हतं कधी. बॉबिन भरता भरता गाते. सांगायचं कसं? रोज ठरवते, रोज पोळीचा घास तोंडात घालून गप्प बसते. मी कोणाला घाबरत नाही अशी माझी वसाहतभर ख्याती. कप्पाळ!

२७ एप्रिल, रविवार

तावडेंच्या घरी जाऊन आली. मला न सांगता, परुळेकरणीला सोबत घेऊन. आली ती तोंडभरून हसत. "ताई, घर किती स्वच्छ. स्वतः चहा केला त्यांनी. आणि भिंतीवर तुझं अक्षर. मला इतकं भरून आलं. माझ्या बहिणीने लिहिलंय म्हटलं मी."

मग सांगितलं. आता नाही तर कधी. सगळं सांगितलं. डाग, ओळ, इस्त्री, करंगळी.

तिने पदराची पिन काढली. मग म्हणाली, "मग फळ्यावर का लिहिलंस?"

"सगळ्यांचंच लिहिते तसं."

"म्हणजे खोटं."

"हो. खोटं."

"त्या कार्डावर पण?"

"त्यावर पण."

"आठ तास बसून?"

मी पदराला हात पुसले.

"मग आता बोलतेस ते खरं कशावरून, ताई?"

माझा आवाज चढला. म्हटलं, मी तुझी सख्खी बहीण, तुझ्या भल्याचं सांगतेय. तर म्हणाली, आणि हे ती शांतपणे म्हणाली, "मी गेले की तुला भाकऱ्या कोण थापून देणार? तुझे कपडे कोण धुणार? मी आल्यापासून तू घरात एक कप विसळला नाहीस." मग म्हणाली, "तुझ्या रेशनकार्डावर माझं नाव शेवटी आहे, 'बहीण' म्हणून. मला एकदा तरी माझ्या घरात माझी कपबशी हवीय."

त्यातलं एक अक्षर खोटं नाही. ती जाईल म्हणून मला धस्स झालं होतं ते डाग आठवायच्या आधी की नंतर? मला सांगता येत नाही. हे लिहितानाही सांगता येत नाही.

मी मेले की काय लिहितील फळ्यावर? स्पष्टवक्त्या. डोंबलाच्या स्पष्टवक्त्या.

२९ एप्रिल

येसूवहिनीकडे गेले. म्हटलं, तू चल, नलूला सांग, तुझ्यावर तिचा विश्वास आहे. प्लास्टर निघालंय, हात तेलाने चोळत बसली होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाय."

"अगं तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"पाटावर दिसला तां पाटावर रवला. चाळीस वर्सां मी बायलमाणसां न्हाणवतंय. ह्या वसाहतीत कोणाच्या अंगार काय आसा तां माका ठावक. उद्या मी तोंड उघडलंय तर माझ्या हातात कोण निर्धास्त पडतला? अर्ध्यो बायलो मेल्यो तरी दार उघडूच्यो नाय."

मी म्हटलं, मेलेल्यांना कसली लाज?

ती भडकली. "तुका काय कळता! तुया फळ्यार लिवतंस आणि हात धुतंस. मी पुसून घेतंय ती लाजच आसता. माझ्याकडे येव नको. तुया लिवलंस, तुयाच निस्तर."

परत येताना जिन्यात बसले थोडा वेळ. मला तिचा राग आला. मग वाटलं, ती निदान खोटं बोलत नाही, गप्प राहते. मी बोलते ते सगळं खोटं. दोघींत मीच जास्त शिकलेली.

३० एप्रिल

पेडणेकरला गाठलं. म्हटलं, तावडेंबद्दल फळ्यावर लिहिलं ते चूक होतं, मी पाहिलंय. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना. मग: "लीलाबाई, नवरा-बायकोत असतं थोडंफार. आणि पुरावा? तो तर गेला आगीत." मग: "मंडळाच्या फळ्याची काही इज्जत आहे. एक खोटं म्हटलं तर लोक म्हणतील सगळेच खोटे."

तेच तर म्हणतेय मी! पण त्याला ते भयंकर वाटत होतं आणि मला… मलाही वाटलं क्षणभर. जाधव, नानी, आमचे हे. चौदा वर्षांची मढी एकदम उठून बसल्यासारखी.

म्हटलं, उद्यापासून दुसरं कोणी बघा. तो म्हणाला, "अहो असं नका करू, पाच नंबरमधले आजोबा सिरियस आहेत."

३ मे, शनिवार

उद्या चार वाजता तावडे येणार, रीतसर विचारायला. नलूने कळवलं त्यांना, "बोलायला या." माझ्याशी कामापुरतं बोलते. मी आज स्वतः भांडी घासली. तिने बघितलं. नंतर कढई परत घासली तिने.

४ मे, रविवार

साडेतीन. हात स्वस्थ बसत नाही म्हणून लिहितेय.

सकाळी नलूने मशीनच्या खणातून मापांची वही काढली. प्रत्येक गिऱ्हाईक बाईचं एक पान. कशाला काढली मला कळलं नाही, वाटलं परुळेकरणीचा ब्लाउज द्यायचा असेल. पण ती एकाच पानावर बसली होती. मी मागून गेले. 'सौ. सुनंदा तावडे.'

पहिलं माप सात वर्षांपूर्वीचं. बाही ५. त्याखाली पुढच्या वर्षाचं, बाही ५. मग ९. मग ती ९ खोडून ११, कोपर. मग १५. शेवटची दोन वर्षं आकडाच नाही, नलूच्या अक्षरात 'मनगट'. गळाही प्रत्येक वर्षी वर वर. मे महिन्यातली मापं ही. आमच्या या गच्चीखालच्या उकाड्यात.

मला म्हणायचं होतं, बघ. नाही म्हटलं. देवाने जरा अक्कल दिली.

नलू म्हणाली, "मी थट्टा केली होती तिची. वहिनी, म्हातारी दिसता हो, जरा फॅशन करा."

"मग?"

"हसली. म्हणाली, डास फार चावतात गं."

"आणि तू?"

"मी शिवून दिला," नलू म्हणाली. "अस्तर लावून. डाग पडले तर दिसू नयेत म्हणाली होती, मला वाटलं घामाचे."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. गुडघे दुखतात तरी बसले. म्हटलं, त्यांना येऊ नका म्हणून कळवू का? परुळेकरणीच्या मुलीला पाठवते.

मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

म्हटलं, मग चहा टाकू? मी गॅस पेटवला, बंद केला.

नलूने केस विंचरलेत. साडी साधीच, घरातली. पेढ्यांचा तो पुडा फळीवर अजून तसाच, न उघडलेला.

खाली तावडे. पेडणेकरही आहे बरोबर, तो कसला मागे राहतोय. जिन्यात गावसकरांच्या सुनेशी हसून बोलताहेत, तब्येत कशी विचारताहेत. आवाज किती मऊ. दुसऱ्या मजल्यावर आले असतील.

नलू उठली नाही. दाराकडे तोंड करून बसलीय, वही मांडीवर उघडी, सुनंदाच्या पानावर बोट ठेवून.